एकाच कानात शिट्टी वाजते, रात्री झोप लागत नाही? आधी कान दाखवा, मग झोपेची सोय करा

भिवंडी : कान वाजतो ही तक्रार आपल्या तालुक्यात नवी नाही. शहरात आणि शहराला लागून असलेल्या खोणी, शेलारच्या पट्ट्यात रात्रंदिवस माग चालतात. मागाच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी काढलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की घरी आलो तरी माग डोक्यात चालूच असतो. पण आज लिहायचं आहे ते वेगळ्या तक्रारीबद्दल. एकाच कानात येणारा आवाज. दुसरा कान ठणठणीत, आणि एका कानात दिवस-रात्र काहीतरी वाजतंय. कोणी म्हणतं डास शिरल्यासारखं वाटतं, कोणी म्हणतं रातकिडा बसलाय, कोणी म्हणतं लांबच्या विहिरीवर मोटर चालू असावी तसं. दिवसा कामाच्या गडबडीत चालून जातं, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हा आवाज सुरू. शेजारी झोपलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे घरातलेही म्हणतात, "काय नाय, तुला भास होतो."

भास नाही. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद हे नाव फार जुनं आहे. हा स्वतः एक आजार नाही, लक्षण आहे. जसा ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉईडचाही, तसा कानातला आवाज मळामुळेही येतो आणि नस दुखावल्यामुळेही येतो. म्हणून "कानात आवाज येतो, काय औषध घेऊ?" या प्रश्नाला उत्तर नाही. आधी कारण कोणतं ते बघावं लागतं. आणि आवाज एकाच कानात असेल तर बघावंच लागतं, कारण वयाने किंवा मागाच्या आवाजाने कान बिघडतात तेव्हा बहुतेक करून दोन्ही बिघडतात. एकच बिघडला, तर त्या एका कानाचं काहीतरी वेगळं कारण असू शकतं. बऱ्याचदा ते साधंच निघतं. पण ते डॉक्टरने सांगू दे, आपण ठरवायचं नाही.

आवाज येतो कुठून?

कानाच्या आत, हाडाच्या पोटात, गोगलगाईच्या शंखासारखा एक छोटा अवयव आहे. त्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. बाहेरून आवाज आला की हे तंतू हलतात आणि नसेमार्फत मेंदूला निरोप जातो. शेतकऱ्याला सांगायचं तर हे भाताच्या शेतासारखं आहे. वारा आला की रोपं वाकतात, वारा गेला की उभी राहतात. पण वादळी पाऊस आला की आडवी पडतात. फरक एवढाच की भाताला दुबार लावणी करता येते, कानातल्या या पेशींना नाही. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता ज्या पट्टीतल्या पेशी गेल्या, त्या पट्टीतला निरोप मेंदूला मिळेनासा होतो. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण काय करतो? आवाज वाढवतो. गाणं वाढत नाही, खरखर वाढते. मेंदू तेच करतो. कमी येणारा निरोप ऐकण्यासाठी तो आपला आतला आवाज वाढवतो, आणि ती खरखर आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येते. सगळं अजून उलगडलेलं नाही, पण बहुतेक अभ्यासक या बाजूचे आहेत.

मग रात्रीच का जास्त? कारण रात्री बाहेरचे आवाज कमी होतात. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ऐंशी माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना काही ना काही ऐकू आलं, घूं, शीळ, गुणगुण. यांना कोणालाही कानाची तक्रार नव्हती. म्हणजे थोडा आवाज प्रत्येकाच्याच कानात असतो, पूर्ण शांतता मिळाली की तो वर येतो. दिवसा पेटवलेला कंदील दिसत नाही, अंधार पडला की डोळ्यात भरतो, तसं. आपल्याकडे लाईट गेली की पंखा थांबतो आणि ज्याचा कान वाजतो त्याला लगेच कळतं की कानातलं मशीन मात्र चालूच आहे.

ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण झोपेचा पुढचा सगळा उपाय हिच्यावरच उभा आहे. शांतता ही अशा माणसाची मैत्रीण नाही.

एकाच कानात आवाज येण्याची कारणं

सगळ्यात साधं कारण मळ. आंघोळीचं किंवा पोहण्याचं पाणी गेलं की मळ फुगतो, कान दडा बसल्यासारखा होतो आणि वाजायला लागतो. डॉक्टरने मळ काढला की पाच मिनिटांत माणूस हसत बाहेर येतो. पण काडेपेटीची काडी, गाडीची चावी, केसाची पिन किंवा बड घातलात तर मळ आत ढकलला जातो, पडद्यालाही इजा होते. स्टेशनबाहेर कान साफ करून देणारे बसतात त्यांच्या हातात कान देऊ नका.

पावसाळ्यात आणखी एक, बुरशी. लावणीच्या दिवसात कान सतत ओला, हवा दमट, त्यात कोणीतरी तेल घातलेलं. कानात खाज, दडा, आवाज आणि कधी पांढरं-काळं काहीतरी निघतं. तेलाने हे वाढतं. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत मधल्या कानात जातं. लसूण घालून कढवलेलं कोमट तेल हा आपल्या घराघरातला उपाय आहे, आणि सांगणाऱ्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो, कारण न कळता कानात काहीही घालू नका.

कापणीच्या वेळी किंवा रात्री दिव्याजवळ एखादा किडा कानात जातो. तेव्हाची फडफड निराळीच असते, कळतंच. त्यात चिमटा घालू नका. कान पूर्वीपासून वाहत नसेल तर खाण्याचं तेल दोन-चार थेंब घालून किडा मारता येतो, मग तो काढायला डॉक्टरकडेच जायचं. तेलाचा उपयोग आहे तो एवढाच.

लहानपणापासून वाहणारा कान हेही आपल्याकडे मोठं कारण. "माझा कान आधीपासून वाहतो" असं लोक इतक्या सहज सांगतात, जसं काही गुडघा दुखतो. वाहणाऱ्या कानाला घाण वास येत असेल, तर आत हाड कुरतडलं जात असू शकतं. त्याला ऑपरेशन लागतं आणि ते टाळण्यासारखं नसतं.

मग आवाजाचा मार. फटाका एका बाजूला फुटला. हळदीला डीजेच्या भिंतीजवळ एक कान करून उभे राहिलो. आपल्या पट्ट्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, हे कोणाला सांगायला नको. ट्रॅक्टरवाला दिवसभर मान मागे वळवून नांगराकडे बघत असतो, त्यामुळे त्याचा एक कान इंजिनाकडे राहतो. गोदामाच्या पट्ट्यात गाडी चालवणारी पोरं एकाच कानात इअरफोन खुपसून असतात, रस्त्याचा आवाज दाबायला तो मोठा केलेला. हळदीनंतर रात्रभर कान वाजला आणि सकाळी थांबला, तर कानाने सूचना दिली असं समजायचं. प्रत्येक वेळी तो थांबेलच असं नाही.

औषधंही कान वाजवतात. दुखण्याच्या गोळ्या जास्त प्रमाणात, मलेरियाचं क्विनीन, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शनं. ही बहुतेक दोन्ही कानांना त्रास देतात, पण कधी एका कानात आधी जाणवतं. टीबीचं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरला सांगायचं. बाकी, जबडा दाबून झोपणं, दात खाणं, मानेचं दुखणं यानेही त्या बाजूचा कान वाजू शकतो.

चक्कर आणि आवाज जोडीने आले तर मेनिअर नावाचा आजार बघतात. घर गरगर फिरतं, उलटी होते, कान गच्च होतो, ऐकू कमी येतं, काही तासांत उतरतं आणि पुन्हा केव्हातरी येतं. त्यात मीठ कमी करण्यापासून उपचार सुरू होतात.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर, धक-धक, धक-धक असा येत असेल तर तो नसेचा नाही, रक्तवाहिनीचा असू शकतो. हाताची नाडी धरून बघा, ताल जुळतो का. जुळला तर ब्लडप्रेशर तपासा आणि डॉक्टरला मुद्दाम "ठोक्याबरोबर येतो" हे शब्द वापरून सांगा, कारण त्याची तपासणी वेगळी असते.

शेवटचं कारण लिहिताना जपून लिहितो. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर कधी कधी एक गाठ होते. ती कॅन्सरची नसते आणि बहुतेक वेळा फार हळू वाढते. ती विरळ आहे. एका कानात आवाज येणाऱ्या बहुतेकांना ती नसते. पण एका बाजूने ऐकू कमी होत जाणं आणि त्याच बाजूला आवाज ही तिची पहिली खूण आहे, म्हणून डॉक्टर कधी एमआरआय सांगतात. एमआरआय लिहून दिला म्हणजे काहीतरी भयंकर निघालं असं धरून रात्र जागवू नका. ती शंका दूर करायचीच तपासणी असते.

इथे दिवस मोजू नका, तास मोजा

सकाळी उठलात आणि एका कानाने ऐकूच येत नाही. किंवा फोन त्या कानाला लावला तर बोलणं फाटलेलं, लांबून आल्यासारखं. जोडीला शिट्टी. दोन-तीन दिवसांत असं झालं असेल तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. याला उपचार आहे, स्टिरॉइड. पण तो पहिल्या काही दिवसांत मिळाला तरच त्याचा नीट उपयोग होतो. दोन आठवडे उलटले की हातातली संधी बरीचशी निसटते. काहींना आपोआपही ऐकू येतं, पण आपण त्या काहींतले आहोत की नाही हे आधी कळत नाही. आपल्याकडे नेमके हेच दिवस कुठे जातात? चार दिवस तेलात, चार दिवस "सर्दीने दडा बसला असेल" म्हणण्यात, मग शनिवार-रविवार, मग लावणी उरकली की जाऊ. मळ आणि सर्दीचा दडाही अगदी असाच वाटतो, म्हणूनच फसायला होतं.

घरी करून बघण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. तोंड मिटून नाकातून "हं…" असा लांब आवाज काढा. हा आवाज दडा बसलेल्या कानात मोठा वाटला, तर मळ-सर्दीसारखं कारण असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाटला, तर आतली नस दुखावलेली असू शकते, त्याच दिवशी निघा. डॉक्टर कपाळावर चिमटा ठेवून जी परीक्षा करतात तिचंच हे गावठी रूप. पण यावरून घरी बसायचा निर्णय घेऊ नका, फक्त किती घाई करायची ते ठरवा. मधुमेह असेल तर डॉक्टरला आधी सांगा, स्टिरॉइडने साखर वाढते.

आवाजाबरोबर तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर कानाचा डॉक्टर शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.

डॉक्टर काय करतील

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी दुर्बिणीसारख्या दिव्याने कानात बघतील. मग चिमट्याची परीक्षा, मग ऑडिओमेट्री. यात आवाजबंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं किंवा हात वर करायचा. दुखत नाही. त्याचा जो आलेख मिळतो तो कागद जपून ठेवा, पुढे कुठेही गेलात तरी तो लागतो. जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. आणि हे आठवून जा: आवाज कधीपासून, कोणत्या कानात, सतत की येऊन-जाऊन, ऐकू कमी येतं का, चक्कर येते का, काम कसलं करता. मागावर किंवा डीजेवर काम करत असाल तर न विचारताच सांगा.

तपासणीत कारण सापडलं तर त्याचा उपचार होतो आणि बऱ्याचदा आवाजही जातो. पण पुष्कळ जणांना सगळ्या तपासण्या करून डॉक्टर सांगतात, "धोका काही नाही, पण आवाज राहील." इथे माणूस खचतो. "राहील म्हणजे काय, आयुष्यभर असाच जागा राहू?" नाही. आवाज राहिला तरी झोप परत येऊ शकते.

झोपेचं कसं करायचं

आवाज किती मोठा आहे यावर त्रास ठरत नाही. मेंदू त्याला धोका समजतो की नाही, यावर ठरतो. गोठ्याजवळ झोपणाऱ्याला गाईच्या घंटेने जाग येत नाही, पण त्याच आवाजात कुत्रं गुरगुरलं की ताडकन उठतो. रेल्वेलाईनजवळ राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, पाहुण्याला रात्रभर येते. कान तोच, मेंदूने काय ठरवलंय ते वेगळं. एकदा "हा आवाज म्हणजे संकट" असं ठरलं की मेंदू रात्रभर पहारा देतो, आणि पहारेकऱ्याला झोप कशी लागणार? तो पहारा उठवायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पण उठतो. बहुतेकांचा हळूहळू उठतो.

त्यासाठी पहिलं काम, खोलीत थोडा आवाज ठेवा. पंखा उत्तम. थंडीत पंखा नको असेल तर भिंतीकडे तोंड करून टेबलफॅन लावा. मोबाईलवर पावसाचा, नदीचा आवाज मिळतो, तो लावून फोन हातभर लांब ठेवा, स्क्रीन पालथी. जुना रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला तर त्याची खरखरही चालते. आवाज किती ठेवायचा, हे महत्त्वाचं. कानातली शिट्टी पूर्ण झाकून टाकायची नाही. ती थोडी ऐकू येत राहील आणि बाहेरचा आवाज तिच्यापेक्षा किंचित कमी, एवढाच. झाकून टाकलेल्या आवाजाची मेंदूला सवय होत नाही, शेजारी ठेवलेल्याची होते. गाणी, बातम्या, भाषणं नकोत, शब्द आले की मन त्यांच्यामागे जातं. लाईट जाण्याची सवय असेल तर मोबाईल चार्ज ठेवा.

दुसरं, कोणत्या कुशीवर झोपायचं. दोन्ही कानांच्या आवाजात हा प्रश्न येत नाही, एका कानाच्या आवाजात येतो आणि कोणी सांगत नाही. समजा डावा कान वाजतो आणि त्याने कमी ऐकू येतं. तुम्ही उजव्या कुशीवर झोपलात तर चांगला कान उशीत दाबला गेला. आता पंख्याचा आवाज कुठून येणार? बाहेरचं सगळं बंद, उरली फक्त शिट्टी. त्यापेक्षा डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे चांगला कान वर राहतो आणि पंखा ऐकत राहतो. वाजणाऱ्या कानाने व्यवस्थित ऐकू येत असेल तर उलटं करून, तो वर ठेवूनही बघा. दोन-तीन रात्री एक कूस, दोन-तीन रात्री दुसरी, जी मानवेल ती धरा. फोनचा आवाज वर राहणाऱ्या कानाच्या बाजूला ठेवा. कापसाचा बोळा मात्र नको, तो बाहेरचं अडवतो आणि आतलं वाढवतो. रात्रभर इअरफोन घालूनही झोपू नका.

तिसरं, अंथरूण फक्त झोपण्यासाठी. पडल्यावर वीसेक मिनिटं गेली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठा. घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने. ओटीवर येऊन बसा, मंद दिव्यात काहीतरी बिनमहत्त्वाचं करा. शेंगा सोला, वाल निवडा, माळ जपत असाल तर जपा. डोळे जड झाले की परत या. मोबाईल उघडायचा नाही, ही अट अवघड आहे हे कबूल. पहाटे कितीही उशिरा डोळा लागला तरी उठायची वेळ रोज तीच. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको. पहिले काही दिवस अंग मोडून येईल, पण त्यातूनच रात्रीची झोप पक्की होते. पाळीवर काम करणाऱ्याने दिवसा झोपताना खोली अंधारी करावी, पंखा लावावा आणि शक्यतो पाळी सारखी बदलू देऊ नये.

चहा कान वाजवतो असं पक्कं सिद्ध नाही, पण संध्याकाळनंतरचा चहा झोप मोडतो हे नक्की. रात्री मशेरी लावण्याची सवय असलेल्या बाया आणि तंबाखू खाणारे बाप्ये, दोघांनीही हे ऐकावं, तंबाखू माणसाला जागं ठेवते. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्री उघडतो आणि तेव्हा आवाज जास्त मोठा वाटतो.

हे करूनही डोक्यात तेच तेच घोळत असेल, "आता वेड लागणार" असं वाटत असेल, तर त्यासाठी उपचार आहे. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. नाव मोठं आहे, काम साधं: आवाजाबद्दलचे घाबरवणारे विचार ओळखणं आणि त्यावरचं वागणं बदलणं, समुपदेशकाबरोबर बसून, काही आठवडे. आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो. टिनिटसवर जे उपचार अभ्यासात टिकले त्यात हा सगळ्यात वर आहे. ऐकू कमी येत असेल तर दिवसा श्रवणयंत्र लावल्यानेही आवाज मागे पडतो, कारण मेंदूला जे मिळत नव्हतं ते मिळायला लागतं. "मशीन लावलं तर लोक बहिरा म्हणतील" या लाजेपायी चांगला उपाय घरात पडून राहतो.

जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

कशावर पैसे घालवू नका

कानातला आवाज कायमचा बंद करणारी गोळी आजपर्यंत सापडलेली नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक सूचना काढली, तिने जिंको बिलोबा, झिंक आणि असल्या पूरक गोळ्या यासाठी देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं. तरी व्हॉट्सअपवर "सात दिवसांत कर्णनाद गायब" असे फोटो फिरतात. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो त्या घरातून असल्या बाटलीला पैसे जातात, याचा राग येतो. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने आणू नका. सवय लागते, म्हातारी माणसं रात्री पडतात. डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिल्या तर गोष्ट वेगळी.

मागवाल्यांसाठी आणि हळदीवाल्यांसाठी

कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, ९५ ला ४ तास आणि १०० ला फक्त २ तास काम, असं गणित आहे. जुन्या पद्धतीच्या मागाच्या शेडमध्ये आवाज ९० च्या वर जातो आणि पाळी बारा तासांची असते. बाकी हिशोब तुम्ही करा. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंद करण्याच्या आजारांच्या यादीत आहे, पण छोट्या शेडपर्यंत तो कागद पोहोचत नाही. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, महाग नाहीत. बोटांनी बारीक वळायचा, कान वर ओढायचा, आत घालून तो फुगेपर्यंत बोट धरायचं. कापूस त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एक कान आधीच गेलेल्याने तर उरलेला कान जिवापाड जपावा.

डीजेबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हे सगळ्यांना माहीत आहे. पाळायचं कोणी, एवढाच प्रश्न. निदान लेकरांना घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहू नका.

जायचं कुठे

पडघा, खारबावसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी कान दाखवता येतो, मळ आणि बुरशी तिथेच लक्षात येते. पुढे भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. तिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे आधी विचारून जा, म्हणजे हेलपाटा वाचेल. ऑडिओमेट्री आणि पुढच्या तपासणीसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून फक्त बोलणं आणि ऐकणं यावरच काम करणारी केंद्र सरकारची संस्था. तिथे ऐकण्याची तपासणी होते आणि यंत्रही बघून मिळतं. उत्पन्न कमी असेल तर केंद्राच्या एडीप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. उत्पन्नाचा दाखला, आधार आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. एकच कान गेलेल्याला हे प्रमाणपत्र मिळेलच असं नाही, टक्केवारी दोन्ही कान धरून काढतात. म्हणून आधी चौकशी करून मगच कागद जमवायला लागा. पहिल्या भेटीला ऑडिओमेट्रीचा जुना कागद असेल तर तो आणि सकाळची लवकरची गाडी, दोन्ही धरा, केसपेपरची रांग नऊच्या आधीच लागते.